निवेदन दिले, पुढे काय? नाशिकच्या अर्ज-विनंत्यांची पार्श्वभूमी

नाशिकच्या जिल्हाधिकारी कार्यालयात निवेदन घेऊन गेलेल्या शिष्टमंडळाला बहुतेक वेळा निवासी उपजिल्हाधिकारी भेटतात. निवेदन हातात देतानाचा फोटो निघतो आणि दुसऱ्या दिवशी स्थानिक पानावर छापून येतो. जाणता कार्यकर्ता मात्र फोटोआधी आवक-जावकच्या टेबलाकडे वळतो, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतो, मगच साहेबांच्या दालनात जातो. त्यानंतर कागदावर ‘उचित कार्यवाहीसाठी अग्रेषित’ असा शेरा पडतो आणि तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात राहतो.

सत्तेकडे गाऱ्हाणे नेण्याची रीत जुनी आहे. त्या गाऱ्हाण्याला ठरलेल्या मुदतीत, कारणांसह उत्तर देणे सत्तेवर बंधनकारक आहे, ही कल्पना मात्र फार अलीकडची. नाशिक जिल्ह्यातल्या मोठ्या आंदोलनांचा इतिहास या दोहोंमधल्या अंतराचा आहे.

पेशवाईत वतनाचे किंवा हद्दीचे भांडण गोतापुढे, म्हणजे गावच्या व भाऊबंदांच्या सभेपुढे, किंवा मजालशीपुढे, म्हणजे न्यायसभेपुढे येई. निवाड्याच्या महजरावर, म्हणजे लेखी निकालपत्रावर, हजर असलेल्यांच्या सह्या आणि निशाण्या असत. पाटलाची निशाणी नांगर. म्हणजे न लिहिणाऱ्या माणसाचीही कागदावर खूण राही. पण ही व्यवस्था वादी-प्रतिवादींच्या तंट्यासाठी होती. राज्यकर्त्याचे धोरणच चुकले आहे, ते बदला, असे रयतेने एकत्र येऊन लेखी सांगण्याची जागा तिच्यात नव्हती. १८१८ नंतर कंपनी सरकार आले आणि साहेबाच्या नावे इंग्रजीत अर्ज लिहिण्याचा काळ सुरू झाला. १८५२ मध्ये जगन्नाथ शंकरशेट यांच्या पुढाकाराने मुंबईत बॉम्बे असोसिएशन निघाली. कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण तोंडावर होते, म्हणून तिने थेट ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज धाडला.

२ एप्रिल १८७० रोजी स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने या अर्जाला वजन दिले. सभासद व्हायचे तर किमान पन्नास माणसांनी दिलेले मुखत्यारपत्र लागे. ‘तुम्ही बोलणारे कोण?’ या सरकारच्या हमखास प्रश्नाचे उत्तर गणेश वासुदेव जोशींनी सभेच्या नियमांतच घालून ठेवले होते. १८७५ मध्ये सभेने हिंदुस्थानला पार्लमेंटात थेट प्रतिनिधित्व मिळावे असा अर्ज केला. १८७६-७७ च्या दुष्काळात गावागावांतून माहिती गोळा करून ती सरकारपुढे मांडली. या कामामागचे डोके न्यायमूर्ती रानड्यांचे. ते मूळचे आपल्याच जिल्ह्यातले, १८४२ मध्ये निफाडला जन्मलेले. १८७८ मध्ये त्यांची बदली नाशिकला झाली आणि पुढच्याच वर्षी धुळ्याला. सरकारी नोकर असूनही हा माणूस सरकारला अर्ज कसे लिहावेत हे शिकवतो, ही गोष्ट मुंबई सरकारला रुचणारी नव्हतीच.

सभेचे अर्ज मुद्देसूद असत, आकडेवारीने भरलेले असत. उत्तर द्यायचे की नाही हे मात्र सर्वस्वी साहेबाच्या मर्जीवर होते. ‘अर्ज-विनंत्यांचे राजकारण’ हा पुढे जहालांनी मवाळांना मारलेला टोमणा झाला तो यामुळे. टोमणा थोडा अन्यायाचा आहे, असे मला वाटते. सह्या गोळा करणे, आकडे जमवणे, मागण्या क्रमाने मांडणे हे सगळे कसब नंतरच्या प्रत्येक चळवळीने याच लोकांकडून उचलले.

त्याच काळात ज्यांना सभेत बसायलाही जागा नव्हती असे लोकही अर्ज करत होते. महारांची लष्करातली भरती बंद झाल्यावर निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांसाठी विनंतीपत्र तयार केले. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०३ मध्ये मुंबई सरकारकडे आणि १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. आमच्या बापजाद्यांनी तुमच्यासाठी लढाया लढल्या, मग आता दार का बंद, असा त्या अर्जांचा रोख. दार किलकिले झाले ते पहिल्या महायुद्धात, सरकारलाच माणसे कमी पडली तेव्हा. युद्ध संपल्यावर ते पुन्हा बंद झाले आणि महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडले. अर्ज चांगला असणे आणि अर्ज मंजूर होणे यांचा संबंध किती क्षीण असू शकतो, ते या पन्नास वर्षांत दिसते.

कायदेमंडळाकडून हक्क मिळवण्याचा मार्गही याच सुमारास चोखाळला गेला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले व्हावेत, असा तो ठराव. सरकारने आदेशही काढला. गावात मात्र काही हलले नाही. कागद मंजूर झाला तरी तो अमलात आणण्याची सक्ती कुणावरच नव्हती.

काळाराम मंदिराचा सत्याग्रह या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो. तो आपल्याला आठवतो तो मिरवणूक, दगडफेक आणि बंद दरवाजे यांमुळे. पण त्याची सुरुवात एका पत्राने झाली होती. नाशिकच्या सत्याग्रह समितीचे चिटणीस भाऊराव गायकवाड यांनी मंदिराच्या विश्वस्तांना कळवले, की अमुक तारखेपर्यंत मंदिर अस्पृश्यांना खुले करा, नाहीतर सत्याग्रह होईल. मागणी होतीच, पण तिच्याबरोबर मुदत होती आणि मुदत टळल्यास काय होईल तेही लिहिलेले होते. विश्वस्तांनी दाद दिली नाही. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकमध्ये सभा झाली, हजारोंची मिरवणूक मंदिराकडे निघाली. दरवाजे बंद होते. दुसऱ्या दिवसापासून चारही दरवाजांवर सत्याग्रही बसले. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. ९ एप्रिलला रामनवमीचा रथ दोन्ही बाजूंनी ओढण्याची तडजोड ठरली आणि ऐन वेळी मोडली, मारामारी झाली. त्यानंतरही सत्याग्रह थांबत-सुरू होत वर्षानुवर्षे चालला. ३ मार्च १९३४ रोजी बाबासाहेबांनी गायकवाडांना पत्र लिहून तो थांबवायला सांगितले. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात, म्हणजे याच जिल्ह्यात, त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा केली.

येवल्याच्या घोषणेकडे धर्मांतराची नांदी म्हणून पाहिले जाते, ते बरोबरच आहे. तिला आणखी एक बाजू आहे. उत्तर द्यायला जो बांधलेलाच नाही, त्याच्याकडे मागत राहायचे नाही, असा तो निर्णय होता. तिथून पुढे भर कायद्यावर आला. गायकवाड १९३७ मध्ये मुंबई विधानसभेवर निवडून गेले. मंदिरप्रवेशाचा कायदा मुंबई प्रांतात १९४७ मध्ये झाला. महार वतनाच्या, म्हणजे गावकीच्या कामाबदल्यात महारांकडे वंशपरंपरेने चालणाऱ्या वतनाच्या, प्रश्नावर बाबासाहेबांनी १९२८ मध्ये विधेयक आणले होते. गावकामगारांची ती वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल लागले.

केंद्रीय कायदेमंडळात लोकांचे अर्ज पाहण्यासाठी समिती नेमली गेली ती २० फेब्रुवारी १९२४ रोजी. आजच्या लोकसभेच्या याचिका समितीचे मूळ तेच. आपल्या विधिमंडळातही दोन्ही सभागृहांच्या विनंती अर्ज समित्या आहेत. सामान्य नागरिकाला त्यांची माहिती जवळजवळ नसते. आमदारही लोकांना तिकडे वळवताना फारसे दिसत नाहीत. लक्षवेधी मांडली की बातमी होते, विनंती अर्जाची होत नाही. राज्यघटनेच्या ३५० व्या अनुच्छेदानुसार गाऱ्हाण्याचे निवेदन केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे तिथे वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येते. म्हणजे जिल्ह्याच्या आदिवासी भागातल्या सुरगाण्याच्या माणसाने मराठीत लिहिलेला कागद भाषेच्या कारणाने परत करता येत नाही. त्याला उत्तर किती दिवसांत द्यायचे, याबद्दल मात्र हा अनुच्छेद काही सांगत नाही.

ती मुदत नव्हती म्हणून स्वातंत्र्यानंतरही लोक रस्त्यावर येत राहिले. एव्हाना दादासाहेब म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भाऊराव गायकवाडांच्या रिपब्लिकन पक्षाने ऑक्टोबर १९६४ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना मागण्यांची सनद दिली. भूमिहीनांना जमीन ही त्यातली मुख्य मागणी. उत्तराने समाधान झाले नाही, तेव्हा ६ डिसेंबरपासून देशभर सत्याग्रह सुरू झाला. नोव्हेंबर १९८० मध्ये शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने कांदा आणि उसाच्या भावासाठी नाशिक जिल्ह्यातले रस्ते आणि रेल्वे अडवली. निफाड तालुक्यात खेरवाडीला गोळीबारात दोन शेतकरी गेले. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ या घोषणेने अर्जाची भाषाच नाकारली होती.

कायद्याने उत्तराची मुदत बांधली ती त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी. अण्णा हजारेंच्या आंदोलनांनंतर महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा कायदा आला, मग १२ ऑक्टोबर २००५ पासून देशाचा लागू झाला. ३० दिवसांत उत्तर, नाहीतर अपील, आणि चूक ठरल्यास अधिकाऱ्याच्या खिशातून दंड. ‘माझ्या निवेदनावर काय कार्यवाही झाली?’ हा प्रश्न आता वेगळ्या अर्जाने विचारता येऊ लागला. दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पने जे काम होते, ते पूर्वी शिष्टमंडळ नेऊनही होत नसे. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात भरणारा लोकशाही दिनही आहे, पण त्यासाठी विहित नमुन्यात आधीच अर्ज द्यावा लागतो आणि तिथे वैयक्तिक तक्रार चालते. धोरण बदला म्हणणाऱ्याचे तिथे काम नाही.

आदिवासी पट्ट्यात हा प्रश्न सर्वांत टोकदार झाला. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासींना कमाल चार हेक्टरपर्यंत हक्क मागता येतो. दावा ग्रामसभेकडे, तिथून उपविभागीय समितीकडे, मग जिल्हा समितीकडे. दावा फेटाळला तर कारण कळवायचे आणि अपिलासाठी ६० दिवस द्यायचे. कागदावर यापेक्षा चांगली अर्जपद्धत क्वचितच सापडेल. पेठ, सुरगाणा, दिंडोरी, कळवणच्या पाड्यांवरचा अनुभव वेगळा होता. दावे वर्षानुवर्षे पडून राहिले, कुठे फेटाळल्याचे कळवलेच नाही, कुठे काही एकर कसणाऱ्याच्या नावे काही गुंठ्यांचा पट्टा निघाला. कायद्याने दिलेली मुदत कार्यालयातच विरून गेली.

६ मार्च २०१८ रोजी नाशिकच्या सीबीएस चौकातून किसान सभेचा मोर्चा निघाला तो ही थकबाकी घेऊन. कर्जमाफी, निवृत्तिवेतन, पश्चिमवाहिनी नद्यांचे पाणी गुजरातला देऊ नये, अशा इतरही मागण्या होत्या. पण पायांतून रक्त येईपर्यंत चालणाऱ्यांत वनपट्ट्यासाठी आलेले सर्वांत जास्त. कसारा घाट उतरून सुमारे १८० किलोमीटर चालत ते ११ मार्चच्या रात्री मुंबईत सायनच्या मैदानावर पोचले. सकाळी दहावीची परीक्षा होती. मुलांची अडचण नको म्हणून दमलेल्या माणसांनी मध्यरात्रीनंतर पुन्हा चालायला घेतले आणि पहाटे आझाद मैदान गाठले. याचे तेव्हा पुष्कळ कौतुक झाले, ते योग्यच होते. माझ्या मते त्याहून महत्त्वाचे हे, की नेत्यांनी तोंडी आश्वासनावर मोर्चा उठवला नाही. लेखी द्या, मुदत घाला, असा आग्रह धरला. वनदावे सहा महिन्यांत निकाली काढू, असे सरकारने लिहून दिले.

ती मुदत पाळली गेली नाही, म्हणून फेब्रुवारी २०१९ मध्ये मोर्चा पुन्हा निघाला. नाशिकपासून थोड्याच अंतरावर नव्या लेखी आश्वासनावर थांबला. मार्च २०२३ मध्ये दिंडोरीहून तिसऱ्यांदा निघाला, तेव्हा मागणी आणखी एक पायरी चढली होती. मुख्यमंत्र्यांनी सभागृहात निवेदन करावे आणि आदेश खालच्या कार्यालयांपर्यंत पोचावेत, तोवर ठाणे जिल्ह्यातल्या वाशिंदचा मुक्काम सोडणार नाही. कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान त्याच अधिवेशनात जाहीर झाले. आश्वासन, मग लेखी आश्वासन, मग सभागृहातले निवेदन: पाच वर्षांत शेतकऱ्यांनी पुराव्याचा दर्जा वाढवत नेला.

मोर्चाशिवायही कांदेवाल्याने दाद मागितली आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये निफाडच्या एका शेतकऱ्याने ७५० किलो कांदा विकून आलेले १,०६४ रुपये मनीऑर्डरने पंतप्रधानांना पाठवून दिले. त्यात मागणीचा एक शब्द नव्हता, तरी कुणालाही समजावून सांगावे लागले नाही. पाच वर्षांनी, डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली तेव्हा लिलाव बंद, रास्ता रोको आणि निवेदने झाली. बंदी उठली ४ मे २०२४ रोजी, आणि जिल्ह्यातले मतदान २० मे रोजी होते.

शहरातली निवेदने वेगळ्या वाटेने जातात. इथे कायदाच हरकती आणि सूचना मागवतो. महापालिकेच्या विकास आराखड्याचा मसुदा २०१३ मध्ये आला तेव्हा आरक्षणांवरून इतका विरोध झाला की तो बाजूला पडला, नव्या अधिकाऱ्याने नवा मसुदा केला आणि मंजुरीला २०१७ उजाडले. गोदावरीत जाणाऱ्या सांडपाण्याचा प्रश्न निवेदनांनी सुटेना म्हणून २०१२ मध्ये जनहित याचिका होऊन उच्च न्यायालयात गेला. नोव्हेंबर २०२५ मध्ये सिंहस्थाच्या साधुग्रामसाठी, म्हणजे साधूंच्या तात्पुरत्या वसाहतीसाठी, तपोवनातली सुमारे १,८०० झाडे हटवण्याची नोटीस निघाली, तेव्हा शेकडो हरकती आल्या, सुनावणीत खडाजंगी झाली आणि डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने अंतरिम स्थगिती दिली.

हरकती ऐकून घेणे बंधनकारक आहे, मानणे नाही. कडव्या डाव्या संघटनांच्या बेकायदा कारवायांना आळा घालण्यासाठी म्हणून राज्य सरकारने आणलेल्या जनसुरक्षा विधेयकावर विधिमंडळाच्या संयुक्त समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना आल्या आणि मोजक्या दुरुस्त्यांसह ते जुलै २०२५ मध्ये मंजूर झाले. कोणती सूचना का नाकारली, हे ती पाठवणाऱ्या प्रत्येकाला कळवावे असा नियम नाही. वनहक्क कायद्यात दावेदाराला जे मिळते, निदान कागदावर, ते कायदा घडताना सूचना देणाऱ्या नागरिकाला अजून मिळालेले नाही.