८९० म्हणजे भारतीय माल?

‘बारकोड ८९०ने सुरू झाला की माल भारतीय, ६९०ने झाला की चिनी’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तसं वाटणं साहजिक आहे. पण ते आकडे एवढंच सांगतात की कंपनीनं बारकोडचा क्रमांक कुठल्या देशात घेतला. पुण्यातल्या कंपनीनं क्रमांक इथे घेतला आणि कंपासपेटी चीनमधून बनवून आणली, तरी बारकोड ८९०नेच सुरू होणार. उलट परदेशी क्रमांकाची वस्तू चाकणला बनलेली असू शकते.

मग तुळशीबागेत खरेदी करताना ओळखायचं कसं? पाकीट उलटं करा. आयात केलेल्या पाकीटबंद मालावर मूळ देश आणि आयातदाराचं नाव-पत्ता छापणं वैधमापनाच्या (म्हणजे वजन-मापं आणि पाकीटबंद मालाच्या) २०११च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. अक्षरं फार बारीक असतात. मोबाइलच्या कॅमेऱ्यात मोठी करून वाचा.