खरखरीत थ्रीडी आणि ठिपक्यांचं थ्रीडी

राजवाड्याच्या आसपास देवांचे ते चकचकीत फोटो मिळतात ना, डावीकडून बघितलं तर शंकर, उजवीकडून गणपती, किंवा कृष्ण एकदम फ्रेमबाहेर आल्यासारखा, त्याला पण लोक थ्रीडी म्हणतात आणि मॅजिक आयच्या पुस्तकातल्या ठिपक्याठिपक्यांच्या चित्राला, ज्यात नीट बघितलं की लपलेला आकार दिसतो, त्याला पण थ्रीडीच. चष्मा दोन्हीला लागत नाही, कागद एकच, मग गोंधळ होणारच.

देवांचा तो फोटो म्हणजे लेंटिक्युलर. वरून नख फिरवा, खरखर लागेल, आणि सगळी करामत त्या खरखरीतच आहे. प्लास्टिकवर बारीक बारीक भिंगांच्या रेघा असतात, इंचाला ७५ वगैरे, आणि प्रत्येकीखाली वेगवेगळ्या कोनांतल्या चित्रांच्या पट्ट्या. खोली, म्हणजे पुढे-मागेपण, दाखवणाऱ्या फोटोत रेघा उभ्या, म्हणून डाव्या डोळ्याला एक पट्टी दिसते, उजव्याला दुसरी. आपण फक्त बघायचं. फोटो फिरवून रेघा आडव्या केल्या की खोली गायब.

ठिपक्यांचं चित्र, म्हणजे ऑटोस्टिरिओग्राम, साध्या कागदावर साधी छपाई. मला हेच जास्त आवडतं कारण इथे सगळी मेहनत आपल्या डोळ्यांची. एकच नक्षी आडवी परत परत छापलेली असते, फक्त मधलं अंतर जागोजागी किंचित कमीजास्त. कागदाच्या पलीकडे बघतोय असे डोळे सैल सोडले की डावा डोळा एका तुकड्यावर बसतो, उजवा शेजारच्या, आणि मेंदू दोन्ही एकच समजून जोडून टाकतो. अंतर कमी तो भाग जवळ, जास्त तो लांब. डोळे तिरळे करून बघितलं तर हेच उलटं होतं, म्हणून चित्रात लपलेला डायनासोर तुम्हाला फुगलेला आणि मित्राला आत दबलेला दिसला तर भांडू नका भिया, दोघंही बरोबर. वॉलपेपरच्या नक्षीत असं होतं हे ब्रूस्टर या शास्त्रज्ञाने १८४४ मध्येच लिहून ठेवलंय, १९५९ मध्ये युलेश या संशोधकाने नुसत्या ठिपक्यांची दोन चित्रं शेजारीशेजारी ठेवून खोली दाखवली, आणि १९७९ मध्ये टायलर या संशोधकाने ते एकाच चित्रात बसवलं.

मोबाईलने फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाका, ठिपक्यांचं तिथे पण चालतं, लेंटिक्युलर मात्र सपाट होऊन जातं. आणि ज्यांचे दोन डोळे लहानपणापासून जोडीने काम करत नाहीत त्यांना ठिपक्यांतलं दिसतच नाही, "अजून नीट बघ" म्हणून मागे लागू नका, खरखरीत फोटो द्या, मान हलवली की पुढचं-मागचं सरकताना तरी दिसेल.