नळीतला बुळबुळीत थर आणि फाईलवाली सिस्टर

बेळगावच्या शहापुरात आमच्या शेजारच्या काकू परवा म्हणाल्या, पोरगी एवढं नर्सिंग शिकली आणि आता इंजेक्शन पण देत नाही, नुसती फाईल घेऊन वॉर्डातनं फिरते. ती पोरगी इन्फेक्शन कंट्रोल नर्स आहे, म्हणजे हॉस्पिटलात पेशंटना जंतूंची लागण होऊ नये हे बघणारी, आणि तिच्या फाईलीत काय असतं ते सांगायचं तर आधी कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, समजून घ्यायला पाहिजे.

हंड्यात चार दिवस पाणी राहिलं की आतनं बोटाला बुळबुळीत लागतं ना, तोच बायोफिल्म. नळी घातली की लघवीतल्या प्रोटीनचा पातळ थर तिच्यावर बसतो, त्याला बॅक्टेरिया चिकटतात, वाढतात आणि स्वतःभोवती साखरेच्या लांब साखळ्यांचा चिकट गिलावा करतात. गर्दी पुरेशी झाली की एकमेकांना केमिकल सिग्नल देऊन वेगळीच जनुकं चालू करतात, याला कोरम सेन्सिंग म्हणतात. तळाला अन्न-ऑक्सिजन कमी, म्हणून तिथले जंतू जवळजवळ झोपलेले असतात, आणि बरीच अँटिबायोटिक्स वाढत्या जंतूंवरच चालतात, त्यामुळं वरचे मरतात, खालचे वाचतात आणि ताप परत येतो. त्यात प्रोटियस मिराबिलिस असला तर तो युरिएज एन्झाइमनं युरिया फोडून अमोनिया करतो, लघवी अल्कलाइन होते, मॅग्नेशियम आणि कॅल्शियमच्या फॉस्फेटचे स्फटिक जमतात आणि बोअरच्या पाण्यानं हीटरची कॉइल पांढरी पडते तशी नळी तुंबते!

नळी आत असताना दर दिवसाला लघवीत जंतू सापडायची शक्यता साधारण ३ ते ७ टक्क्यांनी वाढते. म्हणून नको असलेली नळी काढणं हाच सगळ्यात मोठा उपाय, आणि रोज सकाळी सिनियर डॉक्टरला "सर, आज हिची गरज आहे का?" असं विचारायला धाडस लागतं, मी तरी यालाच लीडरशिप म्हणतो. फाईलीत असतात कॅथेटर-दिवस, म्हणजे सगळ्या पेशंटना मिळून किती दिवस नळी होती त्याची बेरीज, आणि अशा दर १००० दिवसांमागं किती इन्फेक्शन झाली ते. १९७०च्या दशकात अमेरिकेत सेनिक नावाचा मोठा अभ्यास झाला, त्यात २५० बेडमागं एक अशी नर्स आणि जोडीला नीट नोंदी, असा पूर्ण प्रोग्रॅम चालवणाऱ्या हॉस्पिटलांत इन्फेक्शन सुमारे एक तृतीयांशानं कमी दिसली.

आणि २०२०मध्ये माणसांवर औषध फवारणारे बोगदे उभारले होते आठवतंय? त्यानं काही होत नाही, हात धुण्यानं होतं. मनगटाला मंतरलेला दोरा बांधून पेशंटला हात लावणाऱ्यांनाही तेच सांगतो, ओला दोरा म्हणजे जंतूंना आयता निवारा.

एक्स-रेला नेताना नातेवाईक लघवीची पिशवी हमखास पेशंटच्या पोटावर ठेवतात, मग पिशवीतली लघवी जंतूंसकट उलटी मूत्राशयात जाते. तेव्हा ही पोरगी धावत जाते, खानापूरकडची माणसं असली तर "मावशी, पिशवी खाली धरा, पण जमिनीला टेकवू नका", आणि बैलहोंगलची असली तर "चीला केळगे इडरी" (कन्नडात, पिशवी खाली ठेवा) म्हणत स्वतःच ती कॉटच्या दांडीला अडकवते.