पावडरीतले एन्झाइम नेमके काय करते?

आमच्या कपड्यांचे डाग काढणाऱ्या पावडरीच्या पाकिटावर ‘एन्झाइमयुक्त’ वाचून बरेच ग्राहक विचारतात, यात जिवंत जंतू आहेत का? नाहीत. एन्झाइम हे एक प्रथिन आहे, निव्वळ रेणू. मात्र ते तयार होते जिवंत पेशीतच. तिथली त्याची रीत कळली, की पाण्याबद्दलच्या आमच्या सूचना जाचक वाटणार नाहीत.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. मणी 20 प्रकारचे. कोणत्या मण्यामागे कोणता, हे डीएनएमध्ये ठरलेले असते आणि पेशीतले रायबोसोम त्याबरहुकूम माळ ओवतात. ओवलेली माळ सरळ राहत नाही. मण्यांच्या आपसांतल्या ओढाताणीने ती दुमडत जाऊन तिचा गोळा होतो. सगळी करामत या घडीची. गोळ्यात एक खाच राहते आणि तिच्यात ठरावीक रेणूच बसतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी 1894 मध्ये याला कुलूप-किल्लीची उपमा दिली. उपमा छान, पण जरा ताठर. कारण रेणू आत शिरताना खाचही थोडी वळते, हात घातल्यावर हातमोजा आकार घेतो तशी. आतल्या रेणूचा बंध मग सहज तुटतो, तुकडे निघून जातात आणि खाच पुढच्या रेणूसाठी मोकळी. एन्झाइम स्वतः खर्च होत नाही. तांबड्या रक्तपेशींतल्या कार्बोनिक अनहायड्रेज या एन्झाइमचा एकच रेणू एका सेकंदात कार्बन डायऑक्साइडचे सुमारे 10 लाख रेणू हातावेगळे करतो! म्हणून पावडरीतही ते अगदी थोडे पुरते.

आमच्या पावडरीतले एन्झाइम प्रोटीएज आहे, म्हणजे प्रथिने तोडणारे. बॅसिलस जातीचे जिवाणू अन्न पचवण्यासाठी ते पेशीबाहेर सोडतात. आम्ही ते आवरण दिलेल्या दाण्यांच्या रूपात विकत घेतो. दाणे चुरडू नका. भुकटी श्वासात गेली तर ॲलर्जी होऊ शकते.

रक्त, दूध, अंडे यांच्या डागांवर ते चालते. गंज किंवा शाईवर नाही, तिथे आमच्याकडून अपेक्षा ठेवू नका. पाणी कोमटच घ्या. उकळत्या पाण्यात एन्झाइमची घडी उलगडते आणि खाचच उरत नाही. शिवाय डागातले प्रथिनही उकडलेल्या अंड्यासारखे घट्ट होऊन धाग्याला धरून बसते. क्लोरीनचे ब्लीच सोबत घालू नका, त्यानेही एन्झाइम निकामी होते.

सुती कापड सेल्युलोजचे, म्हणजे प्रथिनाचे नाही, त्याला धोका नाही. लोकर आणि रेशीम मात्र प्रथिनेच. प्रोटीएजला डाग आणि धागा यांत फरक करता येत नाही.

कालवलेले पाणी उद्यासाठी ठेवू नका. प्रोटीएज स्वतःही प्रथिनच, त्यामुळे पाण्यात ते एकमेकांनाच तोडू लागते. स्वादुपिंडातल्या पेशी याच भीतीने ट्रिप्सिन हे पचनाचे प्रोटीएज निष्क्रिय रूपात बनवतात. ते जागे होते थेट आतड्यात गेल्यावर. पावडर कोरडी ठेवा, लागेल तेवढीच भिजवा.