रिकामा काटा सरळ उभा आहे, मग वजनात फरक का?

आमच्याकडे काटा दुरुस्तीला आणणारं गिऱ्हाईक आधी रिकामी पारडी दाखवतं: "बघा की, समान आहेत. खोट कुठाय?" खोट दांडीत असू शकते.

दांडीतराजू फार जुना. सिंधू संस्कृतीतली चर्ट दगडाची चौकोनी वजनं सापडली आहेत. त्यांतलं नेहमीचं एक साधारण १३.७ ग्रॅमचं. हिशेब आजही तोच: मधल्या धारेपासून (जिच्यावर दांडी डोलते ती) दांडीच्या दोन्ही भुजा सारख्या हव्यात. समजा, मालाकडची भुजा २० सेंमीऐवजी २०.२ सेंमी आहे. पासंग (हलक्या बाजूला जोडलेला जादा भार) लावून रिकामी पारडी समान होतील, पण भुजा लांबच राहील. मग १ किलोच्या वजनासमोर ९९० ग्रॅम मालालाच काटा सरळ होतो. हळदीच्या दरात हे १० ग्रॅम दिवसाकाठी किती होतात, ते तुम्हीच मांडा. तपासणी घरच्या घरी होते. काटा सरळ झाला की माल आणि वजनं यांची पारडी बदला. आता काटा कलला, तर दांडी आमच्याकडे आणा.

पारडी वर असलेल्या काउंटर काट्याची युक्ती फ्रेंच गणिती रोबेर्व्हाल यांनी १६६९ मध्ये मांडली. दोन समांतर दांड्या उभ्या पट्ट्यांनी जोडल्या, की पारडं आडवं राहूनच वरखाली होतं. माल मध्ये ठेवा नाहीतर कडेला, वजन तेच. सांधे ढिले झाले की मात्र हा गुण जातो. एकच वजन मध्ये आणि कडेला ठेवून बघा.

पोत्यांचा प्लॅटफॉर्म काटा अमेरिकेतल्या फेअरबँक्स यांनी गाडीभर हेम्प (भांगेच्या झाडाचा तागासारखा धागा) तोलायला काढला. पेटंट १८३१ चं. फळीखालच्या तरफा भार कमी करत नेतात, म्हणून दांडीवरचं छोटं वजन अख्ख्या पोत्याला पुरतं. इलेक्ट्रॉनिक काट्यात तरफांऐवजी धातूचा ठोकळा किंचित वाकतो आणि त्यावर चिकटवलेल्या तारेचा विद्युतरोध बदलतो.

धारेला तेल लावू नका, ही हात जोडून विनंती! मार्केट यार्डातली हळदपूड तेलात बसून लगदा होतो, काटा सुस्त पडतो. कोरडा ब्रश पुरे.

पासिंग, म्हणजे सरकारी तपासणी आणि शिक्का: वजनं, दांडीतराजू आणि काउंटर काट्याला दोन वर्षांनी, इलेक्ट्रॉनिकला दरवर्षी. दुरुस्तीला येताना काट्याबरोबर वजनंही आणा. झिजलेल्या वजनाच्या बुडात शिसं भरून मिळेल, पण त्यानंतर शिक्का नव्यानं घ्यावा लागतो.