शेंगेन व्हिसा: दिवसांइतकीच ‘एन्ट्री’ही मोजा

एका शेंगेन व्हिसावर युरोपातले २९ देश फिरता येतात. क्रोएशिया २०२३ पासून त्यात आला, रोमानिया आणि बल्गेरिया जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे आले. ब्रिटन, आयर्लंड, सायप्रस, सर्बिया, बोस्निया मात्र बाहेर आहेत आणि बहुतेक घोळ इथेच होतो.

अर्ज ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहणार त्याच्याकडे करायचा. दिवस सारखे असतील तर ज्या देशातून आत शिरणार त्याच्याकडे. सोपी अपॉइंटमेंट मिळते म्हणून भलत्याच देशाकडे अर्ज टाकू नका. हॉटेलची बुकिंगं लगेच चुगली करतात. अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून १५ दिवसांपर्यंत घेतात. निर्णय साधारण १५ दिवसांत होतो, पण ४५ दिवसही लागू शकतात. फी ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना माफ. अर्ज स्वीकारणाऱ्या व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं.

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, परतीनंतर निदान तीन महिने चालणारा हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. सोबत फोटो, किमान ३०,००० युरोचा प्रवासी आरोग्य विमा, बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र, नोकरी असेल तर रजेचं पत्र, तिकिटं आणि मुक्कामाचे पुरावे.

व्हिसा हातात पडला की स्टिकरवरच्या तीन गोष्टी बघा: तारखा, दिवस आणि एन्ट्रीची संख्या. तारखा १ ते ३० मे आणि दिवस १५ असतील, तर त्या महिन्यातले पंधराच दिवस तुमचे. येण्याचा आणि निघण्याचा, दोन्ही दिवस धरले जातात.

एन्ट्रीच्या जागी ‘०१’ असेल तर एकदा बाहेर पडलात की व्हिसा संपला, दिवस कितीही उरलेले असोत. पॅरिस, मग लंडन, पुन्हा ॲमस्टरडॅम अशा सहलीला दोन एन्ट्री लागतात. अर्जातच तशी मागणी करा आणि ब्रिटनचा व्हिसा जोडा. क्रोएशियात स्प्लिटहून दुब्रोव्हनिकला जाणारा जुना किनारी रस्ता नेउमजवळ काही किलोमीटर बोस्नियातून जातो. २०२२ मध्ये पेल्येशात्स पूल झाला, त्यामुळे आता क्रोएशियातूनच जाता येतं. बस कुठल्या मार्गाने जाते ते तिकीट काढतानाच विचारा. दुब्रोव्हनिकहून बोस्नियातल्या मोस्तारची एक दिवसाची सहलही एका एन्ट्रीवाल्याला महागात पडते.

मुंबई–फ्रँकफर्ट–बार्सिलोना अशा प्रवासात इमिग्रेशन फ्रँकफर्टलाच होतं. मधे दोन तास तरी ठेवा. ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर येण्या-जाण्याची नवी संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली. त्यात चेहऱ्याचा फोटो काढतात. परतीचं तिकीट, हॉटेल आणि विम्याचे कागद हातातल्या बॅगेत असू द्या, अधिकारी मागू शकतात.

शेंगेनमधल्या शेंगेनमध्ये सीमेवर सहसा कोणी अडवत नाही, पण जर्मनीने सप्टेंबर २०२४ मध्ये सगळ्या भूसीमांवर तपासणी सुरू केली. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गहून म्युनिकला जाणाऱ्या रेल्वेत पोलीस चढून पासपोर्ट बघतात. मूळ पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवून झेरॉक्सवर निघू नका.