दोन लाल किल्ले, एक यमुना आणि आग्र्याची नजरकैद

‘महाराज दिल्लीच्या लाल किल्ल्यातून पेटाऱ्यात बसून निसटले.’ हे वाक्य यंदा मी तिसऱ्यांदा ऐकलं. त्यात दोन चुका आहेत आणि दुसरी पहिलीपेक्षा जास्त चिवट आहे.

दिल्लीचा किल्ला तुम्हाला ठाऊकच आहे: पंधरा ऑगस्ट, लाहोरी दरवाजा, सोमवारी बंद. तो शहाजहानने १६३९ ते १६४८ मध्ये बांधला. आग्र्याचा त्याच्या आजोबाचा, अकबराचा, १५६५ पासूनचा. दोन्ही लाल दगडाचे, दोन्ही यमुनाकाठचे, दोन्हीकडे दिवाण-ए-आम, दिवाण-ए-खास आणि मोती मशीद. फोटोवरून गल्लत होणारच. दिल्लीत यमुना लांब सरकलीय, मधून रिंग रोड जातो. आग्र्यात मात्र तटावरून नदी आणि ताज एकदम दिसतात. मला विचाराल तर एकच पाहायचा असेल तर आग्र्याचा.

पहिली चूक गावाची. ‘दिल्लीचा बादशहा’ म्हणायची आपली सवय, जुन्या बखरींतही दिल्लीच येते. पण १६६६ च्या जानेवारीत शहाजहान वारला, औरंगजेब आग्र्याला आला आणि १२ मे रोजी महाराजांची भेट झाली ती तिथे.

आता खरी मेख. आग्र्याच्या किल्ल्यात शिरलं की आपली मंडळी गाइडला हमखास विचारतात, ‘महाराजांना कुठे कोंडलं होतं?’ गाइडही मुसम्मन बुरुजाकडे बोट दाखवून मोकळा होतो. लोक डोळे पुसत हात जोडतात. अहो, तिथला कैदी शहाजहान! १६५८ पासून मरेपर्यंत तो याच किल्ल्यात होता.

महाराज किल्ल्यात आले ते भेटीपुरते. जयपूर दरबाराशी संबंधित राजस्थानी पत्रांनुसार ते पोचले तोवर दिवाण-ए-आम उठला होता, भेट दिवाण-ए-खासमध्ये झाली. (दिवाण-ए-आमच्या कमानींखाली ‘इथेच महाराज गरजले’ म्हणत रील काढणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार.) मुक्काम होता किल्ल्याबाहेर, मिर्झाराजांचा मुलगा रामसिंह याच्या छावणीलगत. पहारा बसला तो त्या मुक्कामाभोवती, फौलादखानाचा. नेमकी जागा कोणती, यावर अभ्यासकांत वाद आहे. कोठी मीना बाजारचं नाव बरेचदा पुढे येतं. पण ती तटाच्या आतली कोठडी नव्हती.

यात मी उगाच कीस काढतोय असं वाटेल. पण पेटाऱ्यांची गोष्ट डोळ्यांसमोर आणा. आजारपणाचं निमित्त, दानधर्मासाठी मिठाईचे पेटारे, रोज ये-जा करणारे भोई आणि हळूहळू झडती घ्यायला कंटाळलेला पहारा. हे राहत्या मुक्कामातून जमतं. सत्तर फुटी तट, खंदक आणि दरवाजामागे दरवाजा असलेल्या बादशाही किल्ल्यातून रोज पेटारे बाहेर जातील? १७ ऑगस्टची सुटका किल्ल्यात नेऊन ठेवली की सगळा बेतच अशक्य कोटीतला होतो.

अमरसिंह दरवाजातून बाहेर आलात की महाराजांचा अश्वारूढ पुतळा दिसेल. फोटो तिथे काढा.

आणि दिल्लीत मराठ्यांची खूण शोधायचीच असेल, तर दिवाण-ए-खासमध्ये मान वर करा. तिथल्या छताची चांदी १७६० मध्ये, पानिपतच्या आधी, पैशांची चणचण असताना सदाशिवरावभाऊंनी उतरवली होती.